सासऱ्यांच्या अंत्यविधीला किल्ट: काय घालावं, काय काढून ठेवावं

सासरे गेल्याचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या एका पत्रात पाच-सहा प्रश्न आहेत, म्हणून आधी सगळं एकत्र मांडते. पर्थशरच्या एका गावात तुमचे स्कॉटिश सासरे वारले. पुढच्या गुरुवारी आधी चर्च, मग दफन. घरच्या पुरुषांनी किल्ट, म्हणजे कमरेला गुंडाळायचा इथला चुणीदार लोकरी पोशाख, घालावा असं तुमच्या पत्नीला वाटतं. तुमच्याकडे लग्नातला पोशाख आहे: जांभळट चौकड्यांचा किल्ट, चांदीच्या बटणांचं प्रिन्स चार्ली जॅकेट, बो टाय, पांढरट मोजे. लग्नासाठी भाड्याने घेतला होता, पुढे दुकानाने जुना माल काढला तेव्हा तुम्ही तोच विकत घेतलात. आता सासूबाईंनी सासऱ्यांचा स्वतःचा किल्ट तुमच्यापुढे ठेवलाय. नाशिकहून आलेले तुमचे वडील म्हणतात की गेलेल्या माणसाचं वस्त्र अंगाला लावू नये, आणि ते स्वतः पांढरा सदरा-लेंगा घालणार आहेत. त्यातच अंडरटेकरने, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्याने, तुमच्या हातात ‘दोरी क्रमांक ५’ असं छापलेलं कार्ड दिलंय.

मी मूळची इचलकरंजीची, मागांच्या खडखडाटात वाढलेली. गेली अठरा वर्षं ग्लासगोत किल्ट शिवते, आणि आठवड्यातले दोन दिवस भाड्याच्या पोशाखांच्या काउंटरवर मापं घेते. तिथे दर महिन्याला कुणी ना कुणी दुखवट्याच्या कामासाठी येतंच.

परक्या माणसाने किल्ट घालावा का, ही शंका आधी मनातून काढा. एके काळी कायद्यानेच हा पोशाख बंद होता. हायलँडमधलं बंड मोडणाऱ्या कलोडनच्या लढाईनंतर १७४६ मध्ये आलेली बंदी १७८२ मध्ये उठली. आज कोणी कुठलं टार्टन, म्हणजे कुठल्या चौकड्यांचा नमुना, घालावं यावर कायद्याचं बंधन नाही. २००९ पासून टार्टनची सरकारी नोंदवही आहे, पण तिच्यात नमुन्यांची नोंद होते, माणसांची नाही. राजघराण्यापुरतं राखलेलं बॅल्मोरल टार्टन सोडलं तर रिवाजही फार आड येत नाही. आणि तुम्ही तर जावई. घरच्यांनी सांगितलंय म्हटल्यावर विषय संपला. उलट घरचे चौघे किल्टमध्ये आणि जावई सूटमध्ये असला, तर सासूबाईंना तेच खुपेल.

किल्ट दुखवट्याला चालतो का, असंही तुम्ही विचारलंय. चालतो. सप्टेंबर २०२२ मध्ये एडिनबरोच्या सेंट जाइल्स कॅथीड्रलमध्ये आईच्या शवपेटीपाशी राजे चार्ल्स उभे राहिले तेव्हा ते किल्टमध्येच होते. फक्त लग्नाचा किल्ट आणि दुखवट्याचा किल्ट यांत फरक असतो, आणि तो किल्टमध्ये कमी, त्याच्याभोवतीच्या सामानात जास्त असतो. चमकणारं, खुळखुळणारं आणि पांढरं, एवढं उतरवलंत की निम्मं काम झालं.

सुरुवात जॅकेटपासून करा. प्रिन्स चार्ली हा संध्याकाळच्या मेजवानीचा कोट आहे. सॅटिनची कॉलर, खांद्यावर पट्ट्या, मागे आखूड शेपूट, पुढे-मागे चांदीची बटणं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका गिऱ्हाइकाला काकांच्या दफनाला हाच कोट बो टायसकट देऊन पाठवलं होतं. परत आणून देताना तो एवढंच म्हणाला, “दोघांनी माझ्याकडे ड्रिंक मागितलं.” तो मला काही बोलला नाही, पण तेव्हापासून मापाची टेप हातात घेण्याआधी मी प्रसंग विचारते.

तुम्हाला हवं ते आर्गाइल जॅकेट. दिवसा घालायचा साधा कोट. गडद करड्या ट्वीडचा, शिंगाच्या बटणांचा मिळाला तर उत्तमच, काळाही चालेल. त्याच कापडाचं पाच बटणांचं वेस्टकोट आत घाला. पांढरा साधा शर्ट, आणि बो नव्हे तर लांब काळा टाय. वेस्टकोट घातलंत तर पट्टा लावायचा नाही. भाड्याने फक्त जॅकेट-वेस्टकोट मिळतं का ते विचारा, बरीच दुकानं देतात. नाहीच मिळालं तर ऑफिसच्या सुटाचा कोट वर चढवू नका. तो लांब असतो, पुढची स्पोरनची थैली झाकतो आणि माणूस पँट घालायला विसरल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा काळा किंवा गडद निळा, व्ही गळ्याचा लोकरी स्वेटर आणि आत शर्ट-टाय. खेड्यातल्या चर्चमध्ये तसे येणारे म्हातारे मी पाहिलेत, आणि ते चांगले दिसतात.

पांढरट मोजे भाड्याच्या दुकानांनी लग्नांसाठी रुळवले. ते घरीच ठेवा. कोळशासारखे करडे किंवा काळे मोजे घ्या. सासऱ्यांच्या टार्टनमध्ये हिरवा असेल तर बाटलीसारखा गडद हिरवाही शोभेल. वरची घडी गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटं राहिली पाहिजे. घडीखालून डोकावणाऱ्या रंगीत पट्ट्यांना फ्लॅश म्हणतात. त्या काळ्या किंवा मोज्यांच्या रंगाच्या, पायाच्या बाहेरच्या अंगाला.

स्पोरन साधा, काळ्या चामड्याचा. केसाळ कातड्याचा आणि चांदीच्या कडीचा असेल तो लग्नाचा. गोंडेवाल्याबद्दल मुद्दाम सांगते. त्या गोंड्यांच्या वर धातूच्या टोप्या असतात आणि चालताना त्या एकमेकींवर आपटतात. हॉलमध्ये बँड वाजत असताना ऐकू येत नाही. चर्चमध्ये सगळे बसलेले असताना तुम्ही मधल्या वाटेने पुढे निघालात की प्रत्येक पावलाला टिक, टिक, टिक. स्पोरन कमरेच्या साखळीपेक्षा चामड्याच्या पट्ट्यावर अडकवला तर तोही आवाज जातो.

मोज्यात खोचायच्या सुरीचं, म्हणजे स्कीअन डूचं, तुम्ही घाबरत विचारलंय. कायदा आड येत नाही. सार्वजनिक ठिकाणी पातं बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या १९९५ च्या स्कॉटिश कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून सूट आहे. उजव्या हाताचा माणूस ती उजव्या मोज्यात घालतो. पण माझं विचाराल तर राहू द्या. ती नाही म्हणून कोणी नाव ठेवणार नाही, आणि थडग्याच्या काठावर वाकताना एक गोष्ट कमी सांभाळावी लागेल.

बूट काळे, बांधायचे, साधे. लग्नातले घिली ब्रोग, ज्यांच्या लांब नाड्या घोट्यावर गुंडाळतात, ते दफनाला नकोत. नाडी ओल्या गवतात सैल पडते आणि चामड्याचा नवा तळवा घसरतो. कबरीभोवती खोट्या गवताची हिरवी चटई अंथरतात. पावसात ती साबण लावल्यासारखी होते. रबरी तळव्याचे ऑफिसचे बूट पॉलिश करून घाला.

आता सासऱ्यांच्या किल्टकडे येऊ.

इथे किल्ट पिढीजात चालतो. आजोबांचा नातवाकडे जातो, आणि त्यात कुणाला अशुभ वाटत नाही. सासूबाईंनी तो तुमच्यापुढे केला हा मान आहे. पण मान वेगळा आणि माप वेगळं. कापड कसं असतं ते बघा. चांगल्या किल्टला आठ वार लोकरी कापड लागतं. मोठ्या पन्ह्याचं चार वार घेऊन उभं दुभागायचं आणि जोडायचं. आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी! फरक असा की लुगड्याच्या निऱ्या रोज घालायच्या आणि रोज सोडायच्या, तर किल्टच्या चुण्या मागच्या बाजूला एकदाच मोजून, टार्टनची चौकट चुणीला चुणी जुळवून, हाताने शिवलेल्या असतात. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात. वरच्या पदराला उजव्या कडेला दशा सोडलेल्या असतात. त्या उजवीकडेच आल्या पाहिजेत. डावीकडे आल्या तर किल्ट उलटा गुंडाळलाय.

आणि खाली दुमड नसते. खालची कड म्हणजे कापडाचा मूळ काठ. त्यामुळे रुंदीचं काही करता येतं, लांबीचं नाही. किल्ट नेसा आणि फरशीवर गुडघे टेकून ताठ बसा. खालचा काठ जमिनीपासून साधारण एक इंच वर राहिला तर तो तुमच्या मापाचा आहे. तीन-चार इंच वर राहिला तर उभं राहिल्यावर गुडघ्याच्या वर जाईल आणि शाळकरी मुलासारखं दिसेल. जमिनीवर लोळला तर बाईचा स्कर्ट.

किल्ट नेसायचा बेंबीपाशी, पँटसारखा कमरेखाली नाही. आपली मुलं इथेच हमखास चुकतात. फोनवर सांगतात ‘बत्तीस’, तो जीन्सचा आकडा असतो. बेंबीवर टेप धरली की चौतीस-पस्तीस निघतात. सासऱ्यांचा किल्ट तुम्हाला एक-दोन इंच सैल असेल तर आम्ही बक्कलं सरकवून देतो. उसवायचं, सरकवायचं, पुन्हा हाताने टाचायचं, तासाभराचं काम. तुम्ही लिहिलंय की सासरे चांगलेच भरलेले होते आणि तुमच्यात-त्यांच्यात सहा इंचांचा फरक आहे. तेवढं बक्कलांना झेपत नाही. पुढचा पदर पार कुशीत जातो, टार्टनची मधली रेघ नाकाच्या रेषेत राहत नाही, मागच्या चुण्या एकीकडे ओढल्या जातात. बसतंय म्हणून बसवलेला किल्ट लांबूनही कळतो.

म्हणून माझा सल्ला असा. त्यांचा किल्ट नेसून एकदा सासूबाईंना दाखवा. तो बसत नाही हे तुम्ही सांगण्याआधी त्याच बघतील. मग सासऱ्यांची किल्टची पिन मागून घ्या. पुढच्या पदराच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लावतात ती. फक्त वरच्या पदरातून घाला. दोन्ही पदर टोचलेत तर वाऱ्यात किंवा बसताना कापड फाटतं. पिन ही धातूची, वस्त्र नव्हे. तुमच्या वडिलांचीही हरकत राहणार नाही आणि सासूबाईंचाही शब्द राहील. किल्टच घडी घालून शवपेटीवर ठेवायचा का, हे पत्नीला विचारून बघा. काही घरांत ठेवतात, बरोबर टोपीही.

मग तुम्ही काय नेसायचं? सासऱ्यांचंच टार्टन भाड्याने मिळालं तर ते घ्या. लाल असलं तरी. पुष्कळ कुळांची टार्टनं भडक लाल आहेत आणि घरच्या माणसाने दुखवट्यात ती नेसली तर वरचं सगळं काळं-करडं असल्यामुळे ती खटकत नाहीत. नाही मिळालं तर ब्लॅक वॉच. काळा, गडद निळा, गडद हिरवा. १७३९ मध्ये उभ्या राहिलेल्या हायलँड रेजिमेंटचं हे टार्टन, सरकारी टार्टन म्हणूनही ओळखलं जातं, कोणीही नेसावं. भाड्याच्या दुकानात ते बहुतेक असतंच. आणि यातलं काहीच गुरुवारपर्यंत जमलं नाही तर तुमचा जांभळा किल्ट, फक्त वर सांगितलेल्या गडद सामानासह. त्याने आभाळ कोसळणार नाही.

वजनाकडे मात्र लक्ष द्या. १६ औंसी, म्हणजे जड, कापडाचा किल्ट पावणेदोन किलोच्या आसपास भरतो, तो वाऱ्यात जागचा हलत नाही. भाड्याचे स्वस्त किल्ट कधी पॉलिएस्टर मिसळलेले आणि हलके असतात. डोंगरउतारावरच्या दफनभूमीत ते उडतात. यावरून तो सुप्रसिद्ध प्रश्न. आतून घाला. खरा स्कॉट काही घालत नाही वगैरे लग्नाच्या रात्रीचे विनोद आहेत. तुम्हाला सगळ्या गावासमोर पुढे वाकून दोरी धरायचीय. शिवाय भाड्याचा किल्ट असेल तर आमची तशी अटच असते.

त्या दोरीबद्दल थोडं, कारण कपड्यांचा खरा कस तिथे लागतो. स्कॉटलंडमध्ये शवपेटी कबरीत उतरवायचं काम घरच्यांचं आणि जवळच्यांचं. कार्डावर पेटीचं छोटं चित्र आणि नंबर असतात. एक नंबर डोक्याशी, तो सहसा थोरल्या मुलाचा. पूर्वी हे पुरुषांचंच काम होतं, आता मुली आणि सुनाही दोरी घेतात. आपल्याकडच्या खांद्यासारखाच मान आहे हा, त्यामुळे कार्ड खिशात जपून ठेवा. किल्टला खिसा नसतो, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. अंडरटेकर नंबर पुकारतील तेव्हा पुढे व्हा, सांगतील तेव्हा भार घ्या, आणि इतरांच्या चालीने दोरी हळूहळू सोडत न्या. पेटी टेकली की हातातली दोरी आत सोडून द्यायची. यात दोन्ही हात गुंततात, म्हणून छत्री दुसऱ्याकडे द्या आणि स्पोरन आधीच जरा डाव्या कुशीवर सरकवा, म्हणजे वाकताना मधे येणार नाही. त्याआधी चर्चमध्ये बाकावर बसताना एक हात मागे नेऊन चुण्या खाली सारून बसा, साडी नेसलेल्या बाया बसतात तशा. मग तासाभराने उठल्यावर मागे चुरगळा दिसत नाही.

पाऊस असणारच असं धरून गडद लांब ओव्हरकोट जवळ ठेवा. टोपी नका घालू. घातलीत तर चर्चमध्ये आणि प्रार्थनेला काढावी लागते. खांद्यावरून रुळणारी शालही नको, ती पायपरला शोभते. बॅगपाइप वाजवणारा हा माणूस पूर्ण थाटात येतो, तो थाट त्याचाच असतो. घरचा माणूस त्याच्यासारखा दिसला की लोक त्याला विचारतात, आता कुठली धून?

वडिलांचं म्हणणं मला पटतं. आपल्याकडे माणूस गेला की काही तासांत उचलतात, अंगावरच्या कपड्यांनिशी लोक निघतात; असेल तर पांढरं. इथे आठवडा-दोन आठवडे जातात, म्हणून इथली माणसं कपड्यांचा एवढा विचार करू शकतात. सदरा-लेंगा पांढरा राहू द्या. फक्त सासूबाईंच्या कानावर आधी घाला, की आमच्यात दुःखाचा रंग पांढरा. एकदा सांगितलं की तेच चार पाहुण्यांना सांगतील. वरून गडद स्वेटर आणि काळा कोट घालायला लावा, थंडीने तसाही घालतीलच. टोपी चर्चच्या दाराशी काढायची. बूट काढायचे नाहीत हे मात्र बजावून सांगा. माझ्या सासऱ्यांनी काढले होते आणि दफनाच्या वेळी ते शोधत बसले होते. बायकांना पांढरी किंवा गडद साडी चालते, जरीचा काठ बारीक असावा एवढंच.

एक राहिलं. मृत्यूची सूचना वर्तमानपत्रात किंवा अंडरटेकरच्या पानावर छापली असेल ती नीट वाचा. हल्ली पुष्कळ घरं त्यात ‘काळं नको, रंगीत कपडे घाला’ असं लिहितात, कधी फुटबॉल क्लबचा स्कार्फ आणायला सांगतात. तसं असेल तर वरचं काळ्या टायचं सगळं विसरा; घरच्यांचा शब्द आधी. त्याच सूचनेत नंतर जेवायला कुठे जमायचं ते असतं. त्या जेवणात बहुतेक स्टेक पाय असते, म्हणजे गोमांस. वडिलांसाठी हॉटेलला दोन दिवस आधी फोन करा, ऐनवेळी फक्त चीज सँडविच हाती येतं.

घरी आल्यावर वडील म्हणतील, स्मशानातून आलेले कपडे भिजवा. शर्ट, मोजे भिजवा, खुशाल. किल्ट पाण्यात घालू नका. मशीनमध्ये एकदा गेला की आठ वारांच्या चुण्या परत कधीच बसत नाहीत, आणि भाड्याचा असेल तर अनामत गेली. चिखल वाळू द्या, मग मऊ ब्रशने झाडा, कमरपट्ट्याला चिमटे लावून रात्रभर उघड्या खिडकीशी टांगा. ऐकत नसतील तर त्यांना धाबळीची आठवण करून द्या. माझी आजी सोवळ्यात लोकरीची धाबळी नेसायची, सुती लुगड्यासारखी ती रोज धुवावी लागायची नाही. किल्टही लोकरच आहे, एवढं सांगा. नाशिकच्या माणसाला तेवढं पुरतं.